वर्गाबाहेरच्या विद्येची नोंद

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात गेली अठरा-वीस वर्षे मराठी शिकवीत आहोत. या काळात तपासलेल्या उत्तरपत्रिकांपैकी जवळजवळ सगळ्या विस्मरणात गेल्या. एक मात्र गेलेली नाही. २०१६-१७ या शैक्षणिक वर्षातील ही गोष्ट. तृतीय वर्ष कला वर्गाची सत्रान्त परीक्षा, विषय लोकसाहित्य, आणि प्रश्न अगदी ठरावीक : ‘गोंधळ या विधिनाट्याचे स्वरूप व वैशिष्ट्ये स्पष्ट करा.’ एका विद्यार्थ्याने त्याचे उत्तर चार पाने लिहिले होते. चौक कसा मांडतात, दिवटी कोणी धरायची, रात्री दोननंतर ऐकणारी माणसे पेंगू लागली की संबळाची लय कशी बदलायची, यजमान घाईत असला तर आख्यान कोठे आवरते घ्यायचे, पावसाळी हवेत संबळाचे कातडे सैल पडते तेव्हा ते कसे शेकायचे, असे सगळे त्यात होते. ‘विधिनाट्य’ हा शब्द मात्र एकदाही नव्हता. पूर्वरंग आणि उत्तररंग असे विभाग नव्हते, क्रमांक घातलेले मुद्दे नव्हते, एकाही अभ्यासकाचे नाव नव्हते. आमच्यापैकी एकाने तांबड्या शाईने शेरा मारला : ‘मुद्देसूद लिहा. संदर्भ नाहीत.’ दुसऱ्याने फेरतपासणीत गुण कायम ठेवले. साठपैकी सतरा.

हा मुलगा वर्गात मागच्या बाकावर बसे आणि बहुधा झोपलेला असे. हजेरीच्या बाबतीत त्याचे नाव दर महिन्याला फलकावर लागत असे. त्याला याबद्दल आम्ही एकदा-दोनदा बोललोही होतो. तो मान खाली घालून ऐके आणि काही सांगत नसे.

त्याच वर्षी सत्तावीस फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनानिमित्त, आमच्या विभागाने गोंधळाचा कार्यक्रम ठेवला. पंचक्रोशीतील एका मेळाला निमंत्रण दिले. मेळाचे प्रमुख या मुलाचे चुलते निघाले आणि संबळावर तो स्वतः होता. दीड तास त्याने सभागृह हलू दिले नाही. प्राचार्यांच्या हस्ते मेळातील सगळ्यांना श्रीफळ दिले, मानधनाचे पाकीट दिले, छायाचित्र काढले. ज्या विभागाने त्याला गोंधळात साठपैकी सतरा गुण दिले, त्याच विभागाने त्याला गोंधळासाठी श्रीफळ दिले. ही विसंगती आमच्या लक्षात यायला रात्र उलटावी लागली. लग्नसराईत आणि नवरात्रात तो रात्ररात्र कोठे असतो आणि सकाळी वर्गात का झोपतो, हेही आम्हांला तेव्हाच कळले. तीन वर्षे तो आमच्यासमोर बसत होता.

वार्षिक परीक्षेनंतर तो भेटला तेव्हा पेपर कसा गेला, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “चांगला गेला, सर. ह्या वेळी माझं काही लिहिलं नाही. पुस्तकातलंच लिहिलं.” तो उत्तीर्ण झाला. तेव्हापासून हे वाक्य आमच्या मनातून गेलेले नाही. प्रस्तुत लेख त्या वाक्याला दिलेले, फार उशिरा दिलेले, उत्तर आहे.

कोणी म्हणेल, एका मुलाच्या एका पेपराचे एवढे काय? पण हा एका पेपराचा प्रश्न नाही. आम्ही मराठीचे लोक ज्यांच्या बळावर आमचा अभ्यासक्रम उभा करतो, त्यांच्यात शाळेबाहेर शिकलेल्यांची संख्या लक्षणीय आहे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जाते, शेत आणि मळणीचे खळे येथे त्यांची कविता घडली. मुलाने, सोपानदेवांनी, ती टिपून ठेवली नसती तर १९५१ साली त्यांच्याबरोबरच ती गेली असती. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने आली आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असे सांगतात. त्यांच्या ‘फकिरा’वर आज प्रबंध लिहिले जातात. नारायण सुर्वे यांनी १९६६ सालच्या आपल्या संग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिले, आणि ते विद्यापीठ म्हणजे मुंबईची गिरणी, रस्ता आणि कामगारवस्ती होती, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. सांगताना मुले वहीत उतरवून घेतात. त्या मुलांपैकी कोणाचे विद्यापीठ कोठे आहे, हे विचारायचे आम्हांला कधी सुचले नाही. अशिक्षितांच्या ज्ञानाचा गौरव आम्ही करतो, पण तो माणूस अभ्यासक्रमात पोहोचल्यावर. बाकावर बसलेला असेपर्यंत त्याला आम्ही हजेरीपटावरचा क्रमांक समजतो.

रा. चिं. ढेरे किंवा प्रभाकर मांडे यांच्यासारख्या संशोधकांनी लोकसंस्कृतीचा अभ्यास केला तो अशाच माणसांकडे जाऊन, त्यांना विचारून, त्यांच्याजवळ बसून. म्हणजे आमच्या विषयात पुस्तकाचा उगम माणसात आहे. आणि त्या माणसाचा पुतण्या परीक्षेला बसला, तेव्हा पुस्तकाचा हवाला दिला नाही म्हणून आम्ही त्याचे गुण कापले. याला परीक्षापद्धतीचा दोष म्हणून मोकळे होता येईल. आम्हांला तसे मोकळे होता येत नाही, कारण शेरा आमच्या हातचा होता.

येथे थोडे संज्ञांविषयी. १९७० च्या दशकाच्या आरंभी फिलिप कूम्ब्स आणि मंझूर अहमद या शिक्षणतज्ज्ञांनी शिक्षणाचे तीन प्रकार वेगळे केले. शाळा-महाविद्यालयांची इयत्तावार व्यवस्था म्हणजे औपचारिक शिक्षण. त्या व्यवस्थेबाहेर पण हेतुपूर्वक, संघटितपणे चालणारे ते अनौपचारिक. आणि जगता जगता, नकळत अंगी येते ते सहजशिक्षण. आपल्याकडे मधला प्रकार फार जुना आणि फार समृद्ध आहे. गोंधळ्याचा मेळ, भजनी मंडळ, तालीम, नाटकमंडळी, गॅरेजमधील उमेदवारी, ढोलपथक, वाचनालयाचे कार्यकर्ते मंडळ, या सर्व ठिकाणी शिकवणारा असतो, शिकणारा असतो, चूक दाखवली जाते, सराव करून घेतला जातो आणि ‘आता तू तयार झालास’ असे एक दिवस सांगितलेही जाते. नसतो तो फक्त कागद.

कागदावाचून घडलेल्या माणसांची या राज्यात वाण नाही. राष्ट्र सेवा दलाची स्थापना १९४१ सालची. त्याच्या कलापथकात गाणे, नाच, लोकनाट्य यांतून तरुण मुले घडली. निळू फुले हे त्यांतलेच एक. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा हा तरुण रंगभूमीवर उभा राहायला शिकला तो कलापथकात. अभिनयाच्या कोणत्याही शाळेत त्यांना कोणी पाठवले नव्हते. १९६३ पासून चालत आलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा ही नावाला महाविद्यालयीन आहे, पण तिचे शिक्षण चालते ते तासिका संपल्यावर. नेपथ्याच्या चौकटी ठोकणे, चाळीस-पन्नास मिनिटांत एक गोष्ट बसवणे, आणि हरल्यावर आपल्याच गटाला तोंड देणे हे कोणत्याच पेपरात येत नाही.

ज्यांना औपचारिक शाळेने बाहेर ठेवले त्यांच्यासाठी याहून गंभीर प्रयोगही झाले. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुले तेथे वर्षभर राहून शेती-पशुपालन, यंत्रशाळा व बांधकाम, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य अशी कामे शिकतात. आणि शिकतात ती गावाला प्रत्यक्ष सेवा देऊन, तिचे पैसे घेऊन. म्हणजे जोडकाम नीट झाले की नाही हे परीक्षक ठरवत नाही, ज्याचे फाटक आहे तो शेतकरी ठरवतो. तेथल्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या पदविकेला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. ती मिळाली म्हणून तेथले शिक्षण बदलले नाही. तेथे मान्यतेने कामाचा पाठलाग केला, कामाने मान्यतेचा नाही. आमच्या मते हा क्रम महत्त्वाचा आहे, आणि सध्या तो उलटा होऊ लागला आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून परिस्थिती वरवर पाहता अनुकूल झाली आहे. २०२१ साली श्रेयांक साठवण्याची पेढी आली. २०२३ साली राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. त्यात शाळा, महाविद्यालय, कौशल्यशिक्षण आणि अनुभव या सर्वांना एकाच मापात मोजण्याची तरतूद आहे. वर्षाचे बाराशे तास म्हणजे चाळीस श्रेयांक, तीस तासांना एक. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीची जी रचना ठरली, तीत क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि सहशैक्षणिक उपक्रम यांना श्रेयांक आहेत. राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा, कला हे आता ‘बाहेरचे’ राहिलेले नाहीत. वीस वर्षे ज्याची मागणी आम्ही प्राध्यापकांच्या चर्चासत्रांत करीत होतो, ते मिळाले. मग तक्रार कशाची?

तक्रार अशी की, मिळाले ते काय, हे पाहिले पाहिजे. राष्ट्रीय सेवा योजनेचेच उदाहरण घेऊ. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, सदतीस विद्यापीठांत चाळीस हजार विद्यार्थ्यांसह ती सुरू झाली. दोन वर्षांत दोनशे चाळीस तास काम आणि सात दिवसांचे एक निवासी शिबिर, असे तिचे स्वरूप. आमच्यापैकी एकाने काही वर्षे कार्यक्रम अधिकारी म्हणून तिचे काम पाहिले आहे. शिबिराला येणारी मुले थोडी असत, पण आलेली असत. वनराई बंधाऱ्यासाठी पोती भरताना ज्या मुलीने ‘येथे पाणी अडणार नाही, उतार चुकलाय’ असे गावच्या सरपंचाला तोंडावर सांगितले, ती शिबिरातून काय घेऊन गेली हे कोणी मोजले नाही आणि मोजायची गरजही नव्हती. आज शिबिरात मुले पुष्कळ येतात. पहिल्या दिवशी विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो, “सर, किती दिवस थांबलं तर श्रेयांक मिळतो?” काम सुरू होण्याआधी छायाचित्र निघते, कारण अहवालाला ते जोडायचे असते. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. तास मोजायचे ठरवल्यावर मुले तासच मोजणार.

न्यायाचे बोलायचे तर दुसरी बाजूही आहे. श्रेयांक नसता तर जी मुले शिबिराच्या वाटेला गेली नसती, त्यांतली काही आली आणि रमली. मुलींना सात दिवस घराबाहेर राहू देण्यास ‘विषयच आहे, गुण जातील’ हे कारण घरच्यांपुढे उपयोगी पडले, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून श्रेयांक काढून टाका असे आमचे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की, तास मोजल्याने मूल्य ओळखले जाते हा भ्रम आहे. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने मेळात किती तास घालवले याची बेरीज केली असती तर पदवीएवढे श्रेयांक भरले असते. तरी त्याला काय येते हे आम्हांला कळलेच नसते.

या विषयावर विभागात बोलणे निघाले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घेतलेला आक्षेप मात्र आम्हांला निरुत्तर करून गेला. ते म्हणाले, “गोंधळ्याच्या मुलाला संबळाचे गुण द्याल, चांभाराच्या मुलाला चपलेचे द्याल. म्हणजे ज्यातून बाहेर पडायला तो कॉलेजात आला, त्यातच त्याला बक्षीस देऊन परत पाठवाल.” हा आक्षेप काल्पनिक नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारी सरकारने प्राथमिक शाळेची वेळ तीन तासांवर आणली आणि उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना केली. तिच्या विरोधात पेरियार आणि द्रविड चळवळ उभी राहिली. हे जातिधंद्याचे शिक्षण आहे, असे त्यांनी ठणकावून सांगितले. १९५४ साली राजाजी पायउतार झाले आणि कामराज यांनी योजना रद्द केली. अनुभवाचे शिक्षण श्रेष्ठ, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास आधी वाचावा. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात शेतीचे आणि हिशेबाचे ज्ञान मागितले, पण त्याचबरोबर बारा वर्षांपर्यंत सर्वांना सक्तीचे शिक्षणही मागितले. एकाच्या बदल्यात दुसरे, असा सौदा त्यांनी केला नाही.

तेव्हा कसोटी हीच असली पाहिजे की, दिलेल्या मान्यतेने त्या तरुणापुढचे रस्ते वाढतात की कमी होतात. फ्रान्समध्ये २००२ सालच्या कायद्याने अनुभवाच्या आधारे पदवी मिळवण्याचा हक्क मान्य झाला. तेथे उमेदवाराला वर्गात बसल्याचे प्रमाणपत्र लागत नाही. आपण काय केले, कसे केले, का केले, याचा सविस्तर लेखी वृत्तान्त त्याने सिद्ध करायचा आणि परीक्षक मंडळापुढे त्यावर बोलायचे. मिळते ती पदवी दुय्यम प्रतीची नसते. वर्गात बसून मिळवलेली आणि ही एकच. या पद्धतीत आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो तो लेखी वृत्तान्त. स्वतःला येणारी गोष्ट शब्दांत मांडणे हे सोपे काम नाही. हात करतो ते तोंडाला सांगता येतेच असे नाही. आणि येथे भाषेच्या विभागाला काही काम उरते.

मागील दोन वर्षे आम्ही एक लहानसा प्रयोग करीत आहोत. अंतर्गत मूल्यमापनातील काही गुणांसाठी विद्यार्थ्याने एक वही लिहायची : महाविद्यालयाबाहेर मी काय शिकलो, कोणाकडून, चुकलो कोठे आणि कोणी सुधारले. भाषा घरची चालेल. पुस्तकांचे संदर्भ नकोत. ज्याने शिकवले त्याचे नाव मात्र हवे. मग पंधरा मिनिटे बसून त्या वहीवर बोलायचे आणि शक्य तर त्या कामाची जाण असलेला एक माणूस समोर असायचा. गुण तासांचे नाहीत, कामाचेही नाहीत. त्या कामाकडे विद्यार्थी किती डोळसपणे पाहू शकतो याचे आहेत.

पहिल्या वर्षी बहुतेक वह्या कोऱ्याच आल्या म्हणावयास हरकत नाही. ‘मला काही येत नाही’ असे वाक्य सात-आठ वह्यांत होते. बारा-तेरा वर्षे शाळा-महाविद्यालयांत काढल्यावर मूल हे वाक्य लिहिते, आणि ते खरे मानून लिहिते, हा आमच्या साऱ्या शिक्षणावरचा अभिप्राय आहे. आम्ही वह्या परत केल्या आणि एकेकाशी बोलत बसलो.

एका मुलीची वही दुसऱ्यांदा आली ती वीस पानांची. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. टोळीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. तेराव्या वर्षापासून ती त्यांच्याबरोबर जाऊन हिशेब ठेवते : मुकादमाकडून घेतलेली उचल, गाडीगणिक काट्यावरचे वजन, खाड्याची वजावट, शेवटी हाती काय उरते. एका हंगामात मुकादमाच्या आणि तिच्या वहीत नऊ टनांचा फरक आला. तो तिने पावत्या लावून दाखवला. ‘मुकादमाला चारचौघांत खोटे ठरवायचे नाही, तो पुढच्या वर्षी उचल देणार नाही, एकट्याला गाठून म्हणायचे, दादा, माझंच चुकलं असंल, तुम्ही एकदा बघा,’ असे तिने लिहिले होते. आमच्या विनंतीवरून वाणिज्य शाखेचे एक सहकारी तोंडी परीक्षेला बसले. दहा मिनिटे प्रश्न विचारून त्यांनी सांगितले की, खाते जुळवायला आपली दुसऱ्या वर्षाची मुले अडखळतात, हिला ते येते.

या वहीकडे पाहून हरखून जाण्याचे कारण नाही. तेराव्या वर्षी ती फडात नव्हे, शाळेत असायला हवी होती. हे ज्ञान तिने ज्या किमतीला घेतले ती कोणत्याही मुलीला पडू नये. तिनेच शेवटच्या पानावर लिहिले आहे की तिला पुन्हा फडात जायचे नाही, बँकेत नोकरी हवी आहे. पण बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरताना ‘मला हिशेब येतो’ असे तिला वाटणे आणि ‘मला काही येत नाही’ असे वाटणे, यांत तिच्या पुढच्या आयुष्याचा फरक आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या आक्षेपाला आमच्याजवळ असलेले उत्तर एवढेच. ती वही त्यांनी वाचली. पटले असे ते म्हणाले नाहीत. पुढच्या वर्षी तोंडी परीक्षेला मला बोलवा, असे म्हणाले.

आमचा प्रयोग लहान आहे आणि त्यात उणिवा आहेत. साठ वह्या नीट वाचायला दोघांना महिना लागतो. दोनशे मुलांच्या वर्गात हे कसे करायचे, याचे उत्तर आमच्याजवळ नाही. काही वह्या दुसऱ्याच्या हातच्या असतात, ते तोंडी परीक्षेत उघडे पडते. विद्यापीठाच्या तपासणी समितीने ‘यांना गुणदानाचा तक्ता कोठे आहे?’ असे विचारले, आणि तो आम्ही बनवलाही. उद्या बाजारात या वहीचे गाइड निघेल, ही भीतीही आहे.

तरीही वाचकांपैकी जे शिकवण्याच्या व्यवसायात आहेत त्यांना आमची विनंती आहे. धोरणे बदलतील, श्रेयांकांचे कोष्टक पुन्हा फिरेल. त्याची वाट न पाहता, वर्गात झोपणाऱ्या मुलाला तो रात्री कोठे होता, हे एकदा विचारावे. रागावून नव्हे, खरोखर जाणून घेण्यासाठी.

आमच्या त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. पदवी घेऊन तो तालुक्याच्या गावी एका दुकानात नोकरीला लागला आणि रात्री मेळात जातो. गेल्या वर्षी आमच्यापैकी एकाच्या नात्यातील लग्नानंतर गोंधळ होता, तेथे तो भेटला. चौक मांडून झाल्यावर आम्हांला त्याने पुढे बोलावून बसवले आणि म्हणाला, “इथं बसा, सर. इथून नीट दिसतं.” आम्ही बसलो. पहाटेपर्यंत बसलो होतो, आणि दोन वाजून गेल्यावर लय बदलली तेव्हा ती कळली.